जिथे हात टेकावे लागतात

गुरुवारी लोहगड मोकळा असतो. रविवारी गणेश दरवाजापाशी रांग तुंबते आणि पुढच्याच्या पाठीवरची बॅग नाकाला लागते. गुरुवारी त्याच पायऱ्यांवर माकडांखेरीज वाट अडवणारं कुणी नसतं. सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले असतात, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे इथला फिटर, टर्नर, वेल्डर आठवड्याच्या मधोमध मोकळा होतो आणि त्याला जायला डोंगर असतो.

तोही लांब नाही. 1978 साली सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करत मावळात शिरते. मळवलीला उतरलं की लोहगड, विसापूर आणि भाज्याची लेणी. कामशेतला उतरलं की तिकोना, आणि दुसऱ्या अंगाला जांभिवलीवरून ढाकचा बहिरी. लोणावळ्याहून राजमाची आणि नागफणी. चाकणकरांच्या नशिबी लोकल नाही, पण भामचंद्राचा डोंगर त्यांच्या एमआयडीसीच्या शेडना जवळजवळ खेटून आहे. तुकोबांचं नाव सांगणारे तीन डोंगर, भंडारा, भामचंद्र आणि घोरवडेश्वर, हे तिन्ही या औद्योगिक पट्ट्याच्या कडेलाच येतात. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी पवना धरणातून नदीत सुटतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. त्या धरणाच्या जलाशयावर तुंग आणि तिकोना उभे आहेत. ज्या उतारांवर सुट्टीच्या दिवशी धाप लागते, त्यांच्यावरचाच पाऊस इथला माणूस वर्षभर पितो.

मावळातल्या गडांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. गो. नी. दांडेकर तळेगावातच राहत. इथल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या आणि राजमाचीचा परिसर त्यांनी ‘माचीवरला बुधा’मधून मराठी वाचकाच्या घरात आणला. या प्रकरणाचा विषय त्याहून अरुंद आहे. डोंगर चढताना एक जागा येते, जिथे नुसत्या पायांनी भागत नाही. दोर लावून करायचं प्रस्तरारोहण अजून दूर असतं, पण चालणं मात्र संपलेलं असतं. कुठे गुडघा, कुठे तळहात, कुठे चार बोटं कातळाला लावावी लागतात. त्या दहा-वीस-पन्नास फुटांविषयी हे प्रकरण आहे, कारण मावळातल्या बहुतेक डोंगरांचा खरा कस तिथेच लागतो.

ब्रिटनमध्ये या प्रकाराला स्क्रॅम्बलिंग म्हणतात आणि त्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा क्लबनं 1930 च्या दशकात डोंगरवाटांचे पाच वर्ग पाडले. पहिला सरळ चालण्याचा. तिसऱ्यात हात नक्की लागतात, चौथ्यात पडलं तर जिवावर बेतेल म्हणून दोर जवळ हवा, पाचव्यात दोराशिवाय जायचंच नाही. आपल्याकडे असं कोष्टक नाही. ट्रेकर म्हणतात, “वर एक रॉक पॅच आहे.” गावातले मामा म्हणतात, “वाट जरा अडचणीची हाय.” मामांचं हे ‘जरा’ जपून ऐकावं. लहानपणापासून त्या कातळावरून अनवाणी ये-जा केलेल्या माणसाचं ते माप असतं. आपल्या मापात ते तिसऱ्या वर्गातून चौथ्यात कधी गेलं, हे वर पोचल्यावर कळतं.

उंचीचे आकडे इथे फारसे कामाचे नाहीत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही समुद्रसपाटीपासून साधारण 1000 ते 1100 मीटरवर आहेत. चिंचवड स्वतःच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं असल्यानं खरी चढाई चार-पाचशे मीटरची उरते. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथे अवघड जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत आणि नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन देवीला जाऊन येतात. रायगडाच्या शेजारचा लिंगाणा लोहगडापेक्षाही बुटका आहे आणि त्याचा सुळका दोराशिवाय चढायचा नाही. तेव्हा “किती उंच?” हा प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. “शेवटचा टप्पा कसा आहे आणि तो ओला आहे की कोरडा?” असं विचारावं.

शेवटचाच टप्पा का, याचं उत्तर दगडात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोटच्या लोट जमिनीच्या भेगांतून वर आले आणि थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा पोटाचा भाग सावकाश थिजला, म्हणून तो घट्ट, काळा आणि कठीण झाला. माथ्याकडच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. तो सच्छिद्र राहिला आणि पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरली. कातळावर पांढरे ठिपके दिसतात ते हेच. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल पट्टा असतो. एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात दगडाची माती झाली आणि वरून आलेल्या तप्त लाव्हानं ती भाजली गेली.

हे तीन दगड तीन तऱ्हांनी झिजतात. घट्ट थर उभ्या भेगांनी तुटतो, म्हणून त्याचा सरळ कडा होतो. सच्छिद्र थर ढासळून उतार होतो, त्यावर माती धरते, गवत आणि कारवी येते. लाल पट्टा सर्वांत आधी झिजतो, म्हणून कड्याच्या पोटाशी खोबण पडते, कुठे गुहा, कुठे पाण्याचा झिरपा. कडा, उतार, सपाटी, पुन्हा कडा: सह्याद्रीचं लांबून दिसणारं रूप या हिशेबातून आलं आहे. मावळातले जे डोंगर एकटे उभे आहेत, त्यांच्या माथ्यावर घट्ट थराची टोपी शिल्लक राहिली आहे. ती टोपी होती म्हणूनच ते उरले, बाकीचं वाहून गेलं. म्हणून चढणारा दीड तास मातीच्या पायवाटेनं जातो आणि सगळा जीव दमल्यावर, अगदी माथ्याखाली, त्याच्यापुढे कातळ येतो.

गड बांधणाऱ्यांनी हे अचूक हेरलं. तटबंदीचं निम्मं काम कड्यानंच केलेलं होतं. उरलेल्या फटीत दरवाजा घालायचा आणि कातळात पायऱ्या खोदायच्या. तिकोन्याच्या बालेकिल्ल्याच्या पायऱ्या चढताना गुडघा छातीपर्यंत येतो. या पायऱ्या सुखानं चढण्यासाठी केलेल्याच नाहीत. कडा नसला की काय होतं ते चाकणला पाहावं. संग्रामदुर्ग सपाटीवरचा भुईकोट, त्याला खंदकाचा आधार. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्ताखानाच्या फौजेपुढे सुमारे पावणेदोन महिने लढवला. शेवटी बुरुजाखाली सुरुंग उडाला तेव्हा तो पडला. आणि कडा असूनही काय होतं ते विसापूर-लोहगडाच्या जोडीनं दाखवलं. विसापूर शेजारच्या लोहगडाहून उंच आहे. मार्च 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेनं आधी विसापूर घेतला, मग त्याच्यावरून लोहगड माऱ्यात आला. त्या वर्षी आणि नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. जीवधन, अलंग, मदन इथे पायऱ्या मधेच संपतात आणि पुढे नुसता सपाट कातळ लागतो, त्याचं कारण हे. आज आपण ज्याला साहस म्हणतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे कंपनी सरकारनं मोडलेला जिना आहे.

लोहगड मात्र सुस्थितीत आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात तो आहे. तिथे हात लागत नाहीत. ज्याला हातांची ओळख करून घ्यायची आहे त्यानं ढाकच्या बहिरीला जावं, पण पहिल्या महिन्यात नव्हे आणि पावसात तर नव्हेच.

ढाकची वाट सांगायलाच हवी, कारण या प्रकाराचे सगळे नमुने तिथे ओळीनं येतात. जांभिवलीच्या पुढे कोंडेश्वराचं जुनं मंदिर. तिथून बराच वेळ झाडीतून आणि पठारावरून चाल आहे. ती इतकी सोपी की माणूस गप्पांत रंगतो. मग डावी-उजवीकडे भिंती उभ्या राहतात: एकीकडे ढाकचा किल्ला, दुसरीकडे कळकराईचा सुळका. त्यांच्या मधल्या अरुंद नाळेतून खाली उतरायचं. म्हणजे या देवाला जाताना आधी उतरावं लागतं, आणि तेही पाठ-पोट दोन्ही दगडाला घासत. नाळ संपते तिथे पायाखालची जमीन एकदम संपल्यासारखी होते आणि समोर कोकणाकडची दरी उघडते.

इथून पुढे कड्याच्या अंगानं आडवी वाट. वाट म्हणजे कातळात पावलापुरत्या खोबणी. एका खांद्याला भिंत, दुसऱ्या खांद्याला हवा. खरं सांगायचं तर ही चाल अवघड नाही. हीच खोबणी जमिनीपासून दोन फुटांवर असती तर शाळकरी पोरानं पळत पार केली असती. जे अवघड आहे त्याला ट्रेकर ‘दृष्टिभय’ म्हणतात. डोळ्यांना खोली दिसते, शरीर आखडतं, माणूस भिंतीला चिकटतो, आणि चिकटल्यामुळेच पाय सुटतात. त्याचा हिशेब पुढे देतो. आडव्या वाटेनंतर उभा कातळ, त्यावर गावकऱ्यांनी बांधलेले दोर आणि एका ठिकाणी चढायला लावलेलं झाडाचं खोड. त्यावरून वर सरकलं की गुहा. शेंदूर लावलेला बहिरीदेव, थंड पाण्याची टाकी, आणि त्या टाक्यात ठेवलेली भांडी. ती काढायची, स्वयंपाक करायचा, घासून परत पाण्यात सोडायची. इतक्या अवघड जागी सार्वजनिक भांडी टिकून आहेत आणि शहरातल्या सोसायटीच्या क्लब हाउसातला चमचा टिकत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तिथल्या दोरांबद्दल मात्र भाबडेपणा नको. नायलॉनचा दोर वर्षभर उन्हात राहिला की त्याचे धागे कुजतात. बाहेरून तो धडधाकट दिसतो. कड्याच्या काठाला घासून तो कुठे झिजलाय ते खालून दिसत नाही. तो कुणी, कधी, कशाला बांधला हे विचारायची सोय नसते. गावकरी त्याचा आधार घेतात तो तोल सावरण्यापुरता, सगळा भार त्यावर टाकत नाहीत. पाहुणा मात्र दोर दिसताच त्यालाच लोंबकळतो. ढाकला जायचं तर जाणत्या माणसाबरोबर, स्वतःचा दोर, हार्नेस आणि हेल्मेट घेऊन जावं.

आता तो हिशेब. माणसाचे पाय दिवसभर सबंध शरीर उचलून चालतात. हातांना ती सवय नाही. कातळावर नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढून घेतो आणि दहा मिनिटांत त्याच्या पंजातली ताकद संपते. जाणता माणूस हात तोल राखण्यासाठी वापरतो आणि वर जाण्याचं काम पायांवर सोपवतो. बुटाचं रबर कातळाला धरून राहतं ते त्यावर सरळ खाली पडणाऱ्या वजनामुळे. माणूस भीतीनं भिंतीकडे झुकला की त्याचं वजन पावलांवर नीट पडत नाही, पावलं बाहेरच्या बाजूला ढकलली जातात आणि घसरतात. म्हणून शिकवणारे ओरडत असतात, “पोट सोड दगडापासून! टाच खाली!” कानाला हे उलटं वाटतं. शरीराला ते पटायला काही दिवस जावे लागतात.

दुसरा नियम तीन आधारांचा. दोन हात, दोन पाय, या चारांतला एका वेळी एकच हलवायचा. घट्ट काळ्या दगडाला धारदार कडा असतात, बोटांना छान बसतात, पण तो उभ्या भेगांनी तुटणारा असल्यानं टेबलाएवढा दगडसुद्धा नुसता अडकून राहिलेला असू शकतो. तळहातानं थाप मारून बघावी. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर हात काढून घ्यावा. आणि दगड आपल्याकडे ओढू नये, खाली दाबावा. सच्छिद्र दगडात बोटं घालायला खळगे मिळतात, मात्र त्यातले पांढरे स्फटिक आणि झिजलेले काठ भुगा होऊन हातात येतात. लाल पट्ट्यावर विश्वास टाकायचाच नाही. आडव्या वाटा नेमक्या त्याच्यावरून जातात, ही सह्याद्रीची खोड. दगड सुटलाच तर लाज न बाळगता ‘दगड!’ म्हणून ओरडायचं, आणि खालच्यानं वर बघायचं नाही.

चढून जाणं हा निम्मा मामला. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली असते आणि पोट आड येतं. शिवाय उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. स्नायूच्या तंतूंना अशा कामात जास्त इजा होते. गड उतरल्यावर त्या दिवशी काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो यामुळेच. थकलेली मांडी थरथरते आणि थरथरणारा पाय खोबणीत टिकत नाही. जे उतरता येणार नाही ते चढू नये, हा नियम जगभरचे गिर्यारोहक पाळतात. पाच-सात फूट चढल्यावर एकदा तेवढंच उतरून पाहावं. जमलं तर पुढे.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो 1892 मध्ये मांडला. मेट्रिकमध्ये सांगायचं तर 5 किलोमीटर चालीला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. 5 किलोमीटर चाल आणि 400 मीटर चढ असेल तर एक तास चाळीस मिनिटं. नेस्मिथ स्कॉटलंडच्या थंडीत चालत होता. एप्रिलच्या मावळात, दोन बाटल्या पाणी पाठीवर घेऊन, यात निम्म्यानं भर घालावी. आणि मध्ये हात लागणारा टप्पा असेल तर हा ठोकताळा बाजूला ठेवावा. वीस फुटांच्या कातळाला एका माणसाला चार मिनिटं लागत असतील तर पंधरा जणांच्या गटाला तासभर लागतो, तेवढाच परतताना. मोठे गट अंधारात अडकतात ते बहुधा या गुणाकारामुळे.

ऋतूंचं गणित त्याहून वाकडं. चिंचवडला वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्याला 4000 च्या वर. मध्ये पन्नास किलोमीटरही नाहीत. आकुर्डी स्टेशनवर ऊन आहे यावरून विसापूरच्या नाळेत काय चाललंय ते सांगता येत नाही. भाजे-पाटणच्या बाजूनं विसापूरला चढणारी पायऱ्यांची वाट पावसाळ्यात सरळ धबधबाच होते. लोक हौसेनं त्या पाण्यातून चढतात. पाऊल बुडेल एवढं पाणी असेल तोवर गंमत असते. माथ्यावर जोराची सर आली की तेच पाणी मिनिटांत गुडघ्याला येतं, आणि आपण उभे असतो तिथे सर पडलेलीही नसते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात असाच लोंढा आला आणि एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या जागी बंदीचे आदेश काढतं त्यावर दरवर्षी कुरकुर होते. सरसकट बंदीत आळस असतो, हे मलाही मान्य आहे. पण ओल्या कातळावरच्या शेवाळापुढे कुठल्याही कंपनीचा बूट चालत नाही, हेही तितकंच खरं. पाऊस थांबल्यावरही ते लगेच जात नाही. उत्तरेच्या, सावलीतल्या कातळावर ऑक्टोबरभर हिरवट-काळा पापुद्रा असतो. तो वाळेपर्यंत हात लागणारे टप्पे टाळावेत.

नोव्हेंबर ते जानेवारी हे खरे दिवस. कातळ कोरडा, हवा स्वच्छ. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि तिरप्या उतारावर ते घसरगुंडीचं काम करतं. मुरूम आणि घसारा मोकळा होतो. कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळं लोंबत असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. सपाटीवर माशा उठल्या तर तोंड झाकून दूर पळता येतं, आडव्या वाटेवर पळायचं कुठे? म्हणून अशा टप्प्यावर शांतता पाळतात. त्यात भक्तिभावाचा काही भाग नाही.

औद्योगिक पट्ट्यातल्या ट्रेकरला मी एक गोष्ट नेहमी सांगत आलो आहे. शॉप फ्लोअरवर सहा फुटांच्या वर चढायचं असेल तर त्याला परमिट लागतं, सेफ्टी बेल्ट लागतो, खाली एक माणूस उभा लागतो. हातातून पाना निसटून कुणाच्या शेजारी पडला तरी ‘नियर मिस’च्या रजिस्टरमध्ये नोंद होते आणि सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये त्यावर बोललं जातं. तोच माणूस गुरुवारी शंभर फुटांच्या कड्यावर गुळगुळीत तळाच्या सँडलनं जातो. दगड कानाजवळून गेला तर हसतो आणि पुढच्या वेळी मित्रांना तो किस्सा सांगतो. सुरक्षेची सगळी अक्कल त्याच्याकडे आहे, फक्त ती गेटवर पंच करून आत ठेवून आलेला असतो. गटानं चढण्याआधी पाच मिनिटं उभं राहून कोण पुढे, कोण मागे, किती वाजता परत फिरायचं, हे बोलून घ्यावं. वर पोचलो नसलो तरी त्या वेळेला फिरायचं. दोन तासांवर माथा राहिलेला असताना परतणारा लीडर मला माथ्यावर फोटो काढणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आणि थर्ड शिफ्ट करून थेट डोंगरावर जाऊ नये. रात्रभर जागलेल्या माणसाचा तोल आणि निर्णय दोन्ही ढिले होतात. त्याला स्वतःला ते कळत नाही, हा त्यातला खरा धोका. सकाळी सातला सुटून घरी झोपावं. गड पुढच्या गुरुवारी असतोच.

सामानावर फार लिहिण्यासारखं नाही. बुटाचं रबर मऊ आणि खाचा शाबूत हव्यात. ॲक्शनच्या स्वस्त ट्रेकिंग शूजवर सह्याद्रीतल्या पिढ्या चढल्या आहेत, महागड्या बुटांचा कडक तळ कातळावर काही वेळा त्याहून वाईट धरतो. पाठपिशवी अंगाला घट्ट बसणारी हवी. लोंबणारी बॅग आडव्या वाटेवर भिंतीला आदळून माणसाला बाहेर ढकलते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे मोबाइल खिशात. अंधारासाठी डोक्याला लावायचा टॉर्च, कारण हातातला टॉर्च एक आधार खातो.

शिकायचं असेल तर सोय जवळच आहे. निगडीच्या दुर्गा टेकडीवर दम वाढवता येतो. भामचंद्र आणि घोरवडेश्वरला चढ-उतारांची आणि लेण्यांपर्यंतच्या दगडी वाटांची सवय होते. मग तिकोना, तुंग, मग इतर. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या गिर्यारोहण संस्था प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात. याच कातळावर हात बसलेले लोक पुढे हिमालयात गेले. 1998 मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, मे 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या गिरिप्रेमीच्या मोहिमेनं एकाच वेळी अनेक मराठी पावलं तिथे नेली. तिथे बर्फ होता, पण पायावर वजन कसं टाकायचं हे ते इथे शिकले होते.

कुणी पडलंच तर काय होतं, तेही माहीत असावं. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था आणि मावळातले इतर स्वयंसेवक फोन आला की निघतात. राज्यभरासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, ते जवळच्या पथकाला कळवतं. ही माणसं पगारी नाहीत. कुणी दुकान बंद करून येतो, कुणी शिफ्ट बदलून. पाय मोडलेल्या एका माणसाला स्ट्रेचरवर बांधून उतरवायला एका वेळी सहा-आठ जण धरायला लागतात आणि ते दमतात म्हणून तेवढेच बदलीला. कातळटप्पा आला की वर दोर लावून स्ट्रेचर सोडावा लागतो. जी वाट आपण अर्ध्या तासात चढलो ती उतरायला रात्र जाते. तोवर जखमीला हलवायचं नाही, त्याच्या अंगाखाली आणि अंगावर जे असेल ते घालायचं, कारण धक्क्यात आणि वाऱ्यात शरीर लवकर गार पडतं. फोन करताना गडाचं नाव पुरत नाही. पायथ्याचं कुठलं गाव, कुठल्या बाजूची वाट, कितीजण, जखमी शुद्धीवर आहे का, हे चार मुद्दे सांगायचे आणि जमलं तर लोकेशन पाठवायचं. मग त्या फोनवरून नातेवाइकांना फोन लावत बसायचं नाही. पथक निघाल्यावर वाट विचारायला त्याच नंबरवर फोन करणार असतं.